अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिकांची यादी करायची आहे. काय काय लागेल?

वैशाली_नाशिक

नमस्कार मंडळी. आमच्या भागातल्या काही सोसायट्यांनी मिळून अंध विद्यार्थ्यांसाठी लेखनिकांची (परीक्षेत प्रश्न वाचून दाखवून सांगितलेलं उत्तर लिहिणाऱ्यांची) यादी करायचं ठरवलं आहे. उत्साह भरपूर आहे. सर्वात आधी नावं दिली ती निवृत्त शिक्षकांनी, मग गृहिणींनी आणि शेवटी काही कॉलेजच्या मुलांनी. पण लेखनिक कोणाला होता येतं, कागदपत्रं कोणती लागतात, परीक्षेआधी त्यांना काय शिकवायचं, ऐनवेळी कोणी आलंच नाही तर काय करायचं, यातलं पक्कं काही हाती नाही. अर्धवट माहितीवर एखाद्या मुलाचं वर्ष पणाला लावायचं नाही, म्हणून इथे विचारते. ज्यांनी हे काम जवळून पाहिलंय त्यांनी बारीकसारीक तपशिलासकट लिहा.

---

आडवाट

वैशालीताई, आधी पात्रतेचं बघू, कारण बहुतेक याद्या तिथेच कोसळतात.

केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाच्या २९ ऑगस्ट २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, उमेदवार स्वतःचा लेखनिक आणणार असेल तर त्या लेखनिकाचं शिक्षण उमेदवारापेक्षा एक पायरी खाली असावं लागायचं (स्पर्धा परीक्षांसाठी केंद्राने २०२५ मध्ये नव्या सूचना काढल्या, त्या बघून घ्या). परीक्षा घेणारी संस्था लेखनिक देणार असेल तर त्याचं शिक्षण त्या परीक्षेच्या किमान पात्रतेपेक्षा जास्त नसावं, पण तो निदान दहावी झालेला असावा. राज्य मंडळाच्या दहावीला बसणाऱ्या मुलासाठी लेखनिक खालच्या इयत्तेतला लागतो, म्हणजे नववीतला. बारावीसाठी अकरावीतला.

म्हणजे तुमच्या यादीतले बी.ए., बी.एड. झालेले निवृत्त शिक्षक दहावी-बारावीला चालणार नाहीत. तुम्हाला खरी गरज आहे नववी आणि अकरावीच्या मुलांची, आणि बँक वगैरे पदवीनंतरच्या स्पर्धा परीक्षांसाठी पदवी अपुरी असलेल्यांची. यादी करताना नाव-फोनच्या आधी पहिला रकाना ठेवा: «शेवटची उत्तीर्ण परीक्षा». आणि दर जूनमध्ये तो रकाना नव्याने भरा. मागच्या वर्षी नववीत असलेला मुलगा यंदा दहावीच्या कामाचा राहत नाही.

---

रातराणी७

धागा साठवला. फारच उपयोगी विषय.

---

अनुस्वार

आडवाट यांनी नियम बरोबर सांगितला, पण निवृत्त शिक्षकांना यादीतून काढू नका. लिहिणं हे या कामाचा एक तुकडा आहे. मुलाला धडे वाचून दाखवणं, पुस्तकं ध्वनिमुद्रित करणं, नववीतल्या लेखनिकाला तयार करणं, परीक्षेच्या दिवशी केंद्रावर घेऊन जाणं, प्राचार्यांच्या कचेरीत परवानगीपत्रासाठी खेटे घालणं, हे सगळं तेच करू शकतात. शेवटचं तर त्यांच्यापेक्षा चांगलं कोणालाच जमत नाही, मुख्याध्यापकांशी कसं बोलायचं ते त्यांना ठाऊक असतं :)

---

प्रज्ञाचक्षू

मी दृष्टिहीन आहे, तेव्हा टेबलाच्या पलीकडच्या बाजूने लिहितो. (स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, टाइप करतोय, एखादी वेलांटी इकडेतिकडे झाली तर समजून घ्या.)

लेखनिक चांगला की वाईट हे त्याच्या अक्षरापेक्षा त्याच्या वाचनावर ठरतं. प्रश्नपत्रिका हातात आली की सर्वात आधी वरच्या सूचना वाचा. मग प्रत्येक प्रश्न, त्याचे गुण आणि «पुढीलपैकी कोणतेही तीन» हे शब्द वाचत शेवटपर्यंत जा. इथे उत्तरं लिहायला सुरुवात करायची नाही. डोळस विद्यार्थी पेपर हातात आल्यावर एका नजरेत सगळा चाळतो आणि मग कुठून सुरू करायचं ते ठरवतो. आमच्याकडे ती नजर नसते, तुमचा आवाज असतो. ८० गुणांच्या पेपरला यात दहा-बारा मिनिटं जातात आणि ती द्यावीच लागतात. वाढीव वेळ त्यासाठीच तर आहे.

बहुपर्यायी प्रश्नांत चारही पर्याय एकाच सुरात, एकाच वेगाने वाचायचे. बरोबर पर्यायावर आवाज नकळत रेंगाळतो. तो रेंगाळला की ती मदत झाली, आणि आम्हाला ती नको असते. ठळक किंवा अधोरेखित शब्द असेल तर «ठळक अक्षरात आहे» असं सांगायचं. «खालीलपैकी कोणते विधान चूक आहे» मधला «चूक» ऐकताना सुटला तर अख्खा प्रश्न गेला.

जोड्या लावा: आधी अ गट पूर्ण वाचा, मग ब गट त्याच्या क्रमाक्षरांसकट पूर्ण वाचा, मग अ मधली एक-एक बाब घेऊन ब परत वाचा. आडवं वाचत गेलात, म्हणजे अ मधली पहिली आणि ब मधली पहिली एका दमात, तर डोक्यात ती जोडी म्हणूनच बसते.

उतारा: आधी त्याखालचे प्रश्न, मग उतारा. दुसऱ्यांदा वाचताना परिच्छेदाचा क्रमांक सांगत वाचा, म्हणजे «तिसरा परत वाच» असं म्हणता येतं.

---

वैशाली_नाशिक

आडवाट, तो एक पायरीचा मुद्दा माहीतच नव्हता, फार मोठी चूक होता होता टळेल. प्रज्ञाचक्षू, जोड्यांबद्दल तुम्ही लिहिलंय ते आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नसतं. वाढीव वेळ नक्की किती असतो?

---

आडवाट

तासाला किमान २० मिनिटं. तीन तासांच्या पेपरला एक तास, दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटं, अडीच तासांच्या पेपरला ५० मिनिटं. महत्त्वाचं म्हणजे लेखनिक घेतला नाही तरी ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्याला तीन तासांच्या पेपरला किमान तासभर जास्त देण्याची तरतूद त्याच सूचनांमध्ये आहे. वर्गावरच्या पर्यवेक्षकांना हे माहीत असेलच असं नाही. म्हणून केंद्रसंचालकांकडून «या विद्यार्थ्याची परीक्षा अमुक वाजता संपेल» असं आदल्या दिवशीच लेखी घ्यावं. नाहीतर नेहमीची शेवटची घंटा झाली की शिपाई खोली बंद करायला येतो, आणि हुज्जत घालण्यात उमेदवाराचीच मिनिटं जातात.

बसायची सोयही आधी बघून ठेवा. स्वतंत्र खोली हवी, कारण दोघं बोलणार आणि बाकीच्यांना त्रास होणार. शक्यतो तळमजल्यावर. एकाच खोलीत दोन अंध विद्यार्थी बसवले असतील तर त्यांना विरुद्ध कोपऱ्यांत बसवायला सांगा, नाहीतर एकाचं सांगणं दुसऱ्याच्या कानावर पडतं.

---

मंदार_ठाणे

गणित आणि विज्ञानाबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. इथे लेखनिकाची खरी कसोटी असते.

विद्यार्थी म्हणतो, «एक्स अधिक तीन भागिले दोन.» आता दोन नक्की कोणाखाली? फक्त तीनखाली की एक्स अधिक तीन या सगळ्याखाली? लेखनिकाने मनाने ठरवलं की पुढची सगळी पदावली बिघडते. म्हणून सरावाच्या वेळीच दोघांनी बोलण्याची रीत ठरवून घ्यायची: «अपूर्णांक सुरू, अंशात एक्स अधिक तीन, छेदात दोन, अपूर्णांक संपला.» तसंच «कंस सुरू, कंस बंद, संपूर्णाचा वर्ग», «वर्गमूळात … वर्गमूळ संपलं». घातांक असेल तर «दोनचा घात एन, घात संपला, वजा एक». ऐकायला लांबलचक वाटतं, पण आठवडाभर सराव केला की जिभेवर बसतं.

प्रश्न वाचून दाखवताना लेखनिकानेही हीच रीत पाळायची.

लिहून झालेली प्रत्येक ओळ परत वाचून दाखवायची. आधीच्या ओळीत काय होतं हे विद्यार्थ्याला डोक्यात धरून ठेवावं लागतं, त्याला पान दिसत नाही. «मागची ओळ» असं म्हटलं की लगेच वाचायची, न कंटाळता, कितीही वेळा.

आकडेमोड लेखनिकाने करायची नाही. विद्यार्थी टेलर फ्रेम (अंध मुलांची आकडेमोडीची पाटी) किंवा अबॅकस वापरत असेल तर तो करेपर्यंत गप्प बसायचं. ही साधनं परीक्षेला न्यायची मुभा आहे. बोलका कॅल्क्युलेटरही चालतो, पण जिथे बाकीच्यांना कॅल्क्युलेटर चालतो तिथेच. «बारा सत्ते?» असं विद्यार्थी स्वतःशी पुटपुटला तरी आपण «चौऱ्याऐंशी» म्हणायचं नाही. सवयीने तोंडातून निघून जातं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

---

घाटावरचा

मंदार, सगळं पटलं. पण एक सांगा. विद्यार्थ्याला उत्तर येतंय, फक्त बोलताना जीभ घसरली. «१८५७» म्हणायचं तर «१७५७» म्हणाला, आणि मागच्याच वाक्यात तो बरोबर म्हणाला होता. लेखनिकाने «नक्की का?» एवढं विचारलं तर काय बिघडलं? डोळस मुलगा स्वतःचा पेपर परत वाचतो आणि असली चूक सुधारतो. ती संधी याला का नको?

---

मंदार_ठाणे

संधी हवीच, पण ती «नक्की का?» मधून द्यायची नाही. चूक असलेल्या ठिकाणीच विचारलंत की तुम्ही बोट दाखवून चूक सांगितल्यासारखं झालं. बरोबर रस्ता असा: उत्तर संपलं की ते आहे तसं, सगळंच्या सगळं, एका सुरात वाचून दाखवायचं. दर उत्तरानंतर. १७५७ कानावर पडलं की त्याचं त्यालाच कळतं.

---

प्रज्ञाचक्षू

मंदार यांना अनुमोदन. घाटावरचा, तुमच्या प्रश्नामागचा कळवळा पोचला. पण एकदा लेखनिक सुचवायला लागला की मिळालेले गुण आपले की त्याचे, हे विद्यार्थ्यालाच सांगता येत नाही. पुढे नोकरीच्या मुलाखतीत कोणी «तुमच्या लेखनिकानेच लिहिलं असेल» असं म्हणालं तर ताठ मानेने उत्तर देता आलं पाहिजे.

उलट बाजूही तितकीच खरी. सांगितलेलं गाळायचं नाही, लहान करायचं नाही. «तेच तर झालं वर, परत कशाला» असं म्हणून अर्धं वाक्य सोडून देणारे लेखनिक असतात. दमल्यावर तर हमखास.

---

तात्या_सांगलीकर

मराठीच्या पेपरात शुद्धलेखन कोणाचं धरायचं? लेखनिकाच्या ऱ्हस्व-दीर्घाचे गुण विद्यार्थ्याला मिळणार की कापले जाणार?

---

अनुस्वार

तात्या, या प्रश्नाची वाट बघत होतो.

भाषेच्या पेपरात जिथे शुद्धलेखन हाच प्रश्न आहे, तिथे विद्यार्थ्याने अक्षर-अक्षर सांगायचं: «दुसरी वेलांटी, पहिला उकार, अनुस्वार». लेखनिकाने तेच लिहायचं. बाकीच्या विषयांत लेखनिक त्याला येतं तसं लिहितो, म्हणून यादीत नाव घेताना नववीच्या मुलाकडून अर्धं पान श्रुतलेखन करून घ्या. सुंदर अक्षर नको, सुटं आणि वाचता येणारं हवं, आणि तासाभरानंतरही तसंच राहणारं हवं. पहिलं पान मोत्यासारखं आणि दहावं पान मुंग्यांची रांग, असं चालत नाही. चार तास लिहायचं म्हणजे मनगट भरून येतं.

इंग्रजीच्या पेपरात सारख्या उच्चाराचे शब्द आले की स्पेलिंग विचारून घ्यायचं. «देअर» कोणतं, हे विचारणं म्हणजे सुचवणं नव्हे, कारण ऐकून ते कळतच नाही. तांत्रिक शब्द, परकी नावं, संस्कृत अवतरणं यांनाही हेच लागू.

एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. ब्रेल वाचणाऱ्या मुलांचं शुद्धलेखन सहसा पक्कं असतं, कारण प्रत्येक वेलांटी बोटाखालून गेलेली असते. नुसतं ऐकून शिकलेल्या मुलांना शब्दाचा आवाज माहीत असतो, घडण माहीत नसते. रेकॉर्डिंग आणि मोबाइल आल्यापासून ब्रेल मागे पडतंय, त्याचा फटका भाषेच्या पेपरात बसतो. म्हणून जे शिक्षक स्वयंसेवक म्हणून येणार आहेत त्यांनी वर्षभर आठवड्याला एक तास फक्त शब्दांची घडण घोटून घ्यावी. परीक्षेच्या तोंडावर ते होत नाही.

---

कावेरी

कागदपत्रांबद्दल थोडं.

लेखनिकाचं मूळ ओळखपत्र आणि त्याची छायाप्रत, शेवटच्या उत्तीर्ण परीक्षेची गुणपत्रिका किंवा शाळेचा बोनाफाइड, पासपोर्ट आकाराचे फोटो (चार ठेवा, दोन मागतील तिथे तिसरा लागतोच), आणि उमेदवार व लेखनिक दोघांच्या सहीचं हमीपत्र. उमेदवाराचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र). अंध, मेंदूचा पक्षाघात किंवा दोन्ही हातांचं अपंगत्व असेल तर मागितला की लेखनिक मिळतो. इतर प्रकारांत «या व्यक्तीला स्वतः लिहिणं शक्य नाही» असं शासकीय रुग्णालयाच्या शल्यचिकित्सकांचं ठरलेल्या नमुन्यातलं पत्र लागतं. हा नमुना २०१८ च्या सूचनांना जोडलेला होता; त्या परीक्षेला सध्या जो लागू असेल तोच छापून न्या. साध्या चिठ्ठीवर लिहून आणलेलं पत्र केंद्रावर परत पाठवतात, आणि शासकीय रुग्णालयात दुसऱ्यांदा सही घेणं म्हणजे आख्खा दिवस.

दहावी-बारावीचा अर्ज शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे जातो. परीक्षेचा अर्ज भरतानाच दिव्यांग सवलतीचा रकाना भरला ना, ते शाळेत जाऊन डोळ्यांनी बघा. तिथे राहिलं तर पुढचं सगळं अडतं.

बँकांच्या परीक्षांसाठी एक ध्यानात ठेवा: जो स्वतः त्याच परीक्षेचा उमेदवार आहे तो लेखनिक म्हणून चालत नाही. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी मुलंच या कामाला पुढे येतात, त्यामुळे हे विचारून घ्यायलाच हवं.

---

घाटावरचा

४० टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असेल तर काहीच नाही का?

---

आडवाट

पूर्वी अडवणूक व्हायची. विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०२१ ला निकाल दिला की ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही एवढ्या कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही. त्या उमेदवाराला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ ला केंद्राने ४० टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना काढल्या. त्यांचा प्रमाणपत्राचा नमुना वेगळा आहे. दोन नमुन्यांची गल्लत करू नका. आणि प्रत्येक परीक्षेच्या जाहिरातीतला लेखनिकाचा परिच्छेद दर वर्षी नव्याने वाचा, मागच्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

---

रातराणी७

पेपर सुरू असताना लेखनिकाला तहान लागली, बाथरूमला जायचं झालं तर?

---

कावेरी

पर्यवेक्षकांना सांगून जायचं, तोवर उमेदवार थांबतो. त्याचा वेळ जातो, म्हणून लेखनिकाने आधीच सगळं उरकून बसायचं. पाण्याची बाटली पारदर्शक. एकाच शाईची तीन पेनं (मध्येच शाईचा रंग बदलला की तपासणाऱ्याला शंका येते), काट्यांचं साधं घड्याळ. स्मार्ट घड्याळ दारातच काढून ठेवायला लावतात, आणि मग वेळ सांगायला काहीच उरत नाही. दर अर्ध्या तासाने «इतकी मिनिटं उरली» एवढं सांगायचं. किती वेळाने सांगायचं ते उमेदवाराला आधी विचारून ठेवा, काहींना सारखं सांगितलेलं आवडत नाही.

---

निशिगंध

थोडं अवांतर, पण विषयाला धरूनच. ध्वनिमुद्रणाचा मुद्दा अनुस्वार यांनी काढला. निवृत्त मंडळींसाठी हे उत्तम काम आहे, आणि त्याला पायरी-बियरीची अट नाही.

एका धड्याची एक फाइल. फाइलच्या नावात आधी दोन आकडी क्रमांक, मग धड्याचं नाव: «०३ …» असं. नुसता «३» लिहिलात तर मोबाइल १० नंबर १ च्या मागोमाग लावतो आणि क्रम विस्कटतो. सुरुवातीला पुस्तकाचं नाव, इयत्ता, धडा, आणि पान बदललं की «पान बेचाळीस» असं बोलायचं, म्हणजे वर्गात शिक्षक «पान बेचाळीस काढा» म्हणाले की मुलाला तिथे पोचता येतं. चौकटीतला मजकूर कुठे सुरू झाला आणि कुठे संपला ते सांगायचं. चित्र असेल तर दोन वाक्यांत वर्णन. तक्ता असेल तर आधी रकान्यांची नावं, मग ओळीने वाचन, प्रत्येक आकड्याआधी रकान्याचं नाव.

पंखा बंद, खिडकी बंद, फोन तोंडापासून वीतभर लांब आणि जरा बाजूला, म्हणजे प-फ-भ चा फुत्कार येत नाही. नाटकी वाचन नको. बरीच मुलं दीडपट-दुप्पट वेगाने ऐकतात. सरळ, स्वच्छ वाचन त्या वेगातही कळतं. आवाजातले चढउतार त्या वेगात किंचाळल्यासारखे वाटतात.

परवानगीची काळजी करणाऱ्यांसाठी: प्रताधिकार कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात पुस्तक करून विनानफा देण्याची मुभा आहे. दृष्टिहीनांना पुस्तकं मिळावीत म्हणून झालेला माराकेशचा आंतरराष्ट्रीय करार मंजूर करणारा पहिला देश भारतच, २०१४ साली. पण याचा अर्थ रेकॉर्डिंग यूट्यूबवर सगळ्यांसाठी टाकायचं असा नव्हे. ते ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच द्यायचं. आणि रेकॉर्ड करायला घेण्याआधी सुगम्य पुस्तकालयात (दृष्टिहीनांसाठीच्या ऑनलाइन ग्रंथालयात) ते पुस्तक आधीच आहे का ते बघा, दुप्पट मेहनत वाचेल.

---

प्रज्ञाचक्षू

निशिगंध, पानाचा क्रमांक बोलायचं फार कमी लोक करतात. धन्यवाद.

भर घालतो. फोन आणि संगणकावर स्क्रीन रीडर असतोच. संगणकावरचा एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे आणि मराठी वाचतो. पण पीडीएफ जुन्या श्रीलिपी किंवा कृतिदेव फाँटमधली असेल तर त्याला निव्वळ गडबडगुंडा ऐकू येतो. स्वयंसेवकाने करायची चाचणी सोपी आहे: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसलं तर ठीक. «eqacbZ» छापाची इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसली तर ती फाइल आमच्या उपयोगाची नाही. मग ओसीआर करून (पानाच्या चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरने ओळखून) युनिकोड मजकूर काढायचा आणि कोणीतरी मूळ पानाशी ताडून बघायचा. जोडाक्षरं आणि रफार हमखास चुकतात. हे ताडून बघण्याचं काम निवृत्त शिक्षकांना द्या.

---

तात्या_सांगलीकर

चूक दिसली की मास्तरांचा हात आपसूक लाल पेनाकडे जातो, तेव्हा हे काम त्यांना मनापासून आवडणार :)

---

घाटावरचा

केंद्रावर सोबत नेण्याबद्दलही सांगा कोणीतरी. हात धरून ओढत नेणारे लोक बघितले की जीव तुटतो.

---

प्रज्ञाचक्षू

आधी विचारा, «सोबत येऊ का?» हो म्हटलं तर आपलं कोपर पुढे करा. आम्ही कोपराच्या जरा वर धरतो आणि अर्धं पाऊल मागे चालतो. तुमचं शरीर वळलं, थांबलं, वर चढलं की ते हाताला कळतं. मागून ढकलणं, दंड धरून ओढणं, पांढरी काठी धरून नेणं, तिन्ही नकोत. जिना आला की «जिना, वर» किंवा «जिना, खाली» आणि शेवटची पायरी आली की «संपला». खुर्चीत बसवताना हात खुर्चीच्या पाठीवर नेऊन ठेवा, पुढचं आमचं आम्ही बघतो. आणि निघून जाताना «मी निघतो» असं सांगून जा. रिकाम्या जागेशी बोलत बसायची वेळ कोणावर आणू नका.

---

वैशाली_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद छापून उद्याच्या बैठकीत वाचणार आहे. आता माझा शेवटचा आणि सर्वात धाकधुकीचा प्रश्न राहिलाच: लेखनिक ऐनवेळी आला नाही तर? आणि एका विद्यार्थ्यामागे किती नावं हाताशी ठेवायची?

---

कावेरी

एका विद्यार्थ्याला सगळ्या पेपरांना एकच लेखनिक मिळाला तर उत्तम, दोघांची लय जमते. पण वेगवेगळ्या विषयांना वेगळा लेखनिक घेता येतो, विशेषतः भाषांसाठी. एका विषयाला मात्र एकच. म्हणून दोन मुख्य आणि एक राखीव, अशी तीन नावं धरा. राखीव लेखनिकाचीही कागदपत्रं, फोटो, भरलेलं हमीपत्र (तारीख आणि सही सोडून) तयार पाहिजे, नुसतं «गरज पडली तर येईन» पुरत नाही. अडचणीच्या वेळी लेखनिक बदलू देण्याची तरतूद २०१८ च्या सूचनांत आहे. पण बदलीचा अर्ज घेऊन केंद्रसंचालकांसमोर उभं राहायला एक मोठा माणूस लागतो. उमेदवाराने परीक्षेच्या सकाळी त्यासाठी पळापळ करायची नसते. तिथे तुमचे निवृत्त शिक्षक.

नववी-अकरावीची मुलं गळतात ती बहुतेक तीन कारणांनी: त्याच दिवशी स्वतःची चाचणी, घरचं लग्न, किंवा आई-वडिलांना चार तास लागतात हे माहीतच नसतं. म्हणून वेळापत्रक लागलं की मुलाशी नाही, पालकांशी बोला. तारीख, निघायची वेळ, परतायची वेळ, रिक्षाचं भाडं कोण देणार, जेवणाचं काय, सगळं. शाळेला पत्र देऊन त्या दिवसाची हजेरी मागून घ्या. आदल्या संध्याकाळी फोन, सकाळी निघाल्यावर परत फोन.

---

घाटावरचा

भाड्याचे पैसे द्यावेत का? काही जण म्हणतात सेवा आहे, पैसे कसले.

---

कावेरी

येण्याजाण्याचा खर्च द्यावाच, आणि तो गटाने द्यावा, विद्यार्थ्याच्या घरच्यांनी नव्हे. सातपूरहून दोन बस बदलून येणाऱ्या अकरावीच्या मुलीने स्वतःच्या खिशातून सेवा का करायची? खर्च दिला नाही तर यादीत फक्त गाडी असलेल्या घरांतली मुलं उरतात.

---

तात्या_सांगलीकर

हे पटलं. मी उलट मताचा होतो.

---

मंदार_ठाणे

वैशालीताई, अजून एक. उमेदवार आणि लेखनिक यांची पहिली भेट परीक्षेच्या दारात होऊ देऊ नका. परीक्षा मंडळ लेखनिक देतं तेव्हासुद्धा दोन दिवस आधी भेटू देण्याची तरतूद आहे. तुमच्या यादीतून जाणाऱ्यांची तर निदान दोनदा व्हावी. पहिल्या भेटीत जुनी प्रश्नपत्रिका घेऊन तिचा एक प्रश्न पूर्ण सोडवायचा, घड्याळ लावून. सांगण्याचा वेग लिहिण्यापेक्षा जास्त असतोच. वाक्य कुठे तोडायचं, «हं» म्हटल्यावर पुढे जायचं, हे तिथे ठरतं. मेंदूच्या पक्षाघातामुळे बोलणं अस्पष्ट असणाऱ्या उमेदवारासाठी दोन भेटी पुरत नाहीत. कान तयार व्हायला जास्त बैठका लागतात, तेव्हा अशा उमेदवारांची नावं सर्वात आधी मागवून घ्या.

भूगोलाचा पेपर असेल तर लेखनिकाला सांगून ठेवा: नकाशाच्या आणि आकृतीच्या प्रश्नांना दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी वेगळा पर्यायी प्रश्न छापलेला असतो. लेखनिक नकाशा बघून «हे तुला जमणार नाही» म्हणून पान उलटतो आणि खालचा प्रश्न वाचायचाच राहतो. त्या पानावरचा शब्दन्शब्द वाचायचा.

---

वैशाली_नाशिक

नोंद केली. बैठकीत तीन गट करतोय: लिहिणारे, वाचून-मुद्रित करणारे आणि कागदपत्रं-केंद्र सांभाळणारे. नववी-अकरावीच्या मुलांसाठी जवळच्या दोन शाळांच्या मुख्याध्यापकांना भेटायला शिक्षक मंडळी सोमवारी जात आहेत. हमीपत्राचा नमुना आणि श्रुतलेखनाचा उतारा कोणाकडे तयार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

---

अनुस्वार

उतारा पाठवतो. जोडाक्षरं आणि अंक मुद्दाम जास्त घातलेले आहेत. वाचताना मिनिटाला पंचवीस शब्दांच्या वर जाऊ नका, आणि पानभर झालं की न थांबता दुसरं पान घ्या, दुसऱ्या पानावरच खरं कळतं.